आरोग्य योजनेचे कार्ड नेमके कुठे चालते?

‘हे डॉक्टर कार्ड घेतात का?’ असे विचारत दवाखाने पालथे घालण्यात धाराशिव जिल्ह्यातल्या रुग्णाचा वेळही जातो आणि भाडेही. गोंधळ प्रश्नातच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कोणा एका डॉक्टरशी बांधलेली नसते. ती रुग्णालयाला अंगीकृत करते, आणि तेही ठरावीक उपचारशाखांसाठी. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता असलेल्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया योजनेतून होईलच असे नाही, आणि काही उपचार तर फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यामुळे दारावर योजनेचा फलक दिसला तरी ‘या आजाराच्या या उपचाराला इथे मान्यता आहे का?’ हे विचारावेच लागते. उत्तर देण्यासाठी अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. घरून निघण्यापूर्वी विचारायचे तर १५५३८८ हा क्रमांक आहे. रुग्णालय जिल्ह्यातलेच हवे, असेही बंधन नाही. सोलापूर किंवा लातूरच्या अंगीकृत रुग्णालयातही हाच लाभ मिळतो.

‘आमचे रेशनकार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ हा समज धाराशिवमध्ये तर दुहेरी चुकीचा आहे. हा जिल्हा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक, आणि तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाराच्या आधारे आधीपासूनच योजनेत घेतले होते. पुढे राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये उत्पन्नाची अट काढून योजना सर्व कुटुंबांना खुली केली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण ५ लाखांवर नेले. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठांसाठी केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्डही मिळते आणि त्यालाही उत्पन्नाची मर्यादा नाही.

‘कार्ड आहे म्हणजे ताप-खोकल्याची तपासणीही फुकट’ हा समज नेमका उलट्या दिशेने फसवतो. योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे; खासगी ओपीडीतल्या तपासणीची फी आणि औषधे तिच्यात बसत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, साधा संसर्ग यांसाठी वाट वेगळी आहे, आणि तिला विमा लागतच नाही. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या खात्याकडे असल्याने तिथे हा निर्णय जसाच्या तसा लागू धरू नये.

अशा साध्या आजारांसाठी दर वेळी डॉक्टरच गाठावा लागतो असेही नाही. काही देशांत डॉक्टरांचा प्रशिक्षित सहायक, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, रुग्ण तपासतो आणि सरकारी विमाही स्वीकारतो. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात हा व्यवसाय नोंदला गेला असला, तरी तो डॉक्टरांच्या देखरेखीखालचा आहे. गावाच्या पातळीवर त्याच्या सर्वांत जवळ जातो तो उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी. तो सहसा आयुर्वेद किंवा परिचर्येचा पदवी-पदविकाधारक असतो आणि त्याने सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम केलेला असतो. ‘म्हणजे अर्धवट डॉक्टरच की’ ही शंका गैरवाजवी नाही. निदान अवघड असेल तिथे तो डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. पण मधुमेहाचा रुग्ण सहसा बिघडतो तो साखर वेळेवर न मोजल्याने आणि गोळ्या मध्येच सोडल्याने. परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या मजुराला त्यासाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जायचे तर रोजगार बुडतो. जवळच्या उपकेंद्रात मोजणी झाली, गरज पडली तर ई-संजीवनी या ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळाला आणि धोका दिसताच चिठ्ठी देऊन पुढे पाठवले, तर हा अधिकारी बरेच काम सोपे करतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे: कागदावर सारे मोफत, प्रत्यक्षात अनामत मागतात किंवा ‘कोटा संपला’ म्हणून परत पाठवतात. पॅकेजचे दर अपुरे आहेत आणि पैसे उशिरा मिळतात, ही खासगी रुग्णालयांची तक्रारही जुनीच आहे. ती खरी असली तरी तिचा भार रुग्णावर टाकता येत नाही. मान्य उपचारासाठी योजनेच्या लाभार्थ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हीच अंगीकरणाची अट आहे. मागणी झालीच तर पावती घ्यावी आणि आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. व्यवस्थेतली खरी उणीव अशी की आरोग्यमित्र भेटतो रुग्णालयात पोहोचल्यावर, आणि चुकीच्या दाराची निवड तर गावातच झालेली असते. अंगीकृत रुग्णालयांची शाखानिहाय, ताजी यादी प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागली आणि ती वाचून दाखवण्याचे काम आशा सेविका व समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आले, तर अनेक हेलपाटे गावातच थांबतील. ग्रामसभेत मागावी इतकी साधी ही गोष्ट आहे.