बॅटरीचा आकडा नव्हे, दम तपासा

गावाकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. आळेफाटा परिसरात शेतीची वीज रात्री आली, की शेतकरी हीच बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतो. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला बिबट्या केव्हा समोर येईल, याचा नेम नसतो. अशा वेळी पूर्ण चार्ज केलेला टॉर्च मोठ्या प्रकाशावर काही मिनिटांतच मंदावला, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

असे का होते? टॉर्च, फवारणी पंप, हातातले ड्रिल मशीन आणि ई-स्कूटर यांपैकी अनेकांत लिथियम-आयन सेल असतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ हा त्यातला सर्वपरिचित प्रकार. त्यावर लिहिलेला एमएएचचा आकडा म्हणजे सेलची साठवणक्षमता. टाकीत पाणी किती मावते, एवढेच तो सांगतो. नळाची धार किती मोठी येईल, हे त्यावरून कळत नाही. ही धार ठरते सेलच्या अंतर्गत रोधावर.

हिशेब सोपा आहे. २० मिलिओहम रोधाच्या चांगल्या सेलमधून १० अँपिअर प्रवाह घेतला, तर आतल्या आत ०.२ व्होल्ट खर्च होतात आणि २ वॅट उष्णता तयार होते. जुन्या सेलचा रोध ६० मिलिओहम झाला असेल, तर त्याच प्रवाहाला ०.६ व्होल्टची घट आणि ६ वॅट उष्णता. प्रवाह दुप्पट केला, की उष्णता चौपट. व्होल्टेज खाली आल्याने चार्ज शिल्लक असूनही उपकरण बंद पडते आणि सेल तापत जातो.

म्हणूनच जास्त प्रवाहाच्या सेलची खरी परीक्षा भार टाकूनच होते. प्रयोगशाळेत सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करतात, थोडा वेळ थांबतात आणि मग ठरावीक प्रवाहाने उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा २.५ व्होल्टपर्यंत, रिकामा करतात. हीच चाचणी आधी कमी आणि मग वाढत्या प्रवाहावर घेतली जाते. प्रत्येक वेळी व्होल्टेज, तापमान आणि मिळालेली क्षमता यांची नोंद होते. साठवण आणि धार या दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये भरपूर मिळणे अवघड असते. जास्त प्रवाह देणाऱ्या सेलमध्ये इलेक्ट्रोडवरचा थर पातळ ठेवतात, त्यामुळे साठवण कमी होते.

हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. २०२२ मध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर केंद्राने दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे मानक डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक केले. एका सेलमधील आग शेजारच्या सेलमध्ये पसरते का, याचीही तपासणी त्यात आहे. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ‘एआरएआय’ ही पुण्यातच आहे. मात्र गाडीच्या मूळ बॅटरीवर झालेली चाचणी, नंतर कुठेतरी सुटे सेल जोडून बनवलेल्या पॅकला लागू होत नाही.

ग्राहकाला काय करता येईल? बहुतेक १८६५० सेलची क्षमता साधारण ३५००-३६०० एमएएचच्या पुढे जात नाही. ‘९९०० एमएएच’ असे छापले असेल, तर तो सेल घेऊ नये. चांगल्या सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास असते. फारच हलका सेल संशयास्पद समजावा. खरेदी करताना एमएएचबरोबर ‘सलग किती अँपिअर चालतो?’ हेही विचारावे. पॅकमध्ये जुने-नवे सेल मिसळू देऊ नयेत, कारण सर्वांत कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि जास्त तापतो. फवारणी करून आलेला गरम पंप लगेच चार्जिंगला लावू नये. फुगलेला, वास येणारा किंवा चटका बसण्याइतका तापणारा सेल पुन्हा वापरू नये. घरी दोन टोके जोडून ‘ठिणगी पाहण्याची’ परीक्षा तर अजिबात करू नये. पेटलेल्या सेलचा धूर विषारी असतो. त्यापासून लांब जाऊन अग्निशमन दलाला बोलवावे.

रात्री बांधावर जाण्याआधी टॉर्च मोठ्या प्रकाशावर दहा मिनिटे चालवून पाहावा. टिकला तर न्यावा. मंदावला किंवा फार तापला, तर सेल बदलावा.