लॅपटॉपची ‘शस्त्रक्रिया’ : पूर्वतयारी आणि पथ्ये

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे बंधन घातले आणि त्या संगणकावर ठेवण्याचा प्रयत्न व्हावा, असेही सुचविले. आज आपल्या कॅम्पातील लहानशा दवाखान्यातही लसीकरणाच्या तारखा, वाढीचे आलेख आणि औषधयोजना लॅपटॉपमध्ये असतात. लॅपटॉप मंदावला की नवा घेण्याचा विचार होतो. परंतु पुष्कळदा रॅम वाढविणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे एवढ्यावर भागते. काम फार अवघड नाही. मात्र त्या पेटीत शेकडो बालकांचा वैद्यकीय इतिहास आहे, याचे भान हवे.

प्रथम निदान. ‘टास्क मॅनेजर’मध्ये मेमरी सतत भरलेली दिसत असेल तर रॅम अपुरी आहे, मेमरी मोकळी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल तर हार्ड डिस्क बदलणे हितावह. रॅमचे डीडीआर ३, ४ आणि ५ हे प्रकार रक्तगटांसारखे आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मूळ बोर्डावरच डाखलेली असते. तेथे उपाय नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी विचार करावा. वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात.

त्यानंतर पूर्वतयारी. सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ‘बिटलॉकर’ चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. आतील भाग बदलल्यावर यंत्र ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच नोंदी आपल्याला बंद होतात.

लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये न ठेवता शिफ्ट कळ दाबून धरून पूर्ण बंद करावा. चार्जर काढावा. झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मग पॉवरचे बटण १०–१५ सेकंद दाबून उरलासुरला भार जाऊ द्यावा. बॅटरी फुगलेली दिसल्यास तिला टोचू वा दाबू नये. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तेथेच थांबून जाणकाराकडे न्यावे.

दुसरा शत्रू स्थिर विद्युत. आपल्या बेळगावात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच हा प्रकार. सुमारे ३,००० व्होल्टच्या आतील झटका माणसाला जाणवतही नाही. चिपला मात्र १००–२०० व्होल्टही बाधू शकतात. म्हणून लोकरी कपडे आणि गालिचा टाळून लाकडी टेबलावर काम करावे. अँटिस्टॅटिक मनगटपट्ट्याची चिमटी लॅपटॉपच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोधक असतो; त्याऐवजी साधी तार गुंडाळू नये आणि ती प्लगच्या छिद्रात तर कदापि घालू नये.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. झाकणाचे चित्र कागदावर काढून ज्याचा त्या जागी ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी गेल्यास बोर्ड फुटतो. शेवटी गॉज मोजतो तसे स्क्रू मोजावेत. रॅमची पट्टी कडेने धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून सुमारे ३० अंशांत तिरकी सरकवावी आणि दोन्ही खटके बसेपर्यंत खाली दाबावी. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे, असे समजावे. नवी रॅम ओळखण्यास यंत्र पहिल्या वेळी काही मिनिटे घेऊ शकते; घाबरून बंद करू नये.

काढलेल्या हार्ड डिस्कचा प्रश्न उरतो. फाइल ‘डिलीट’ केल्याने माहिती नष्ट होत नाही. ती सहज परत मिळविता येते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती जपण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून जुनी डिस्क दुकानात वा भंगारात देऊ नये. नवे यंत्र सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत कुलपात ठेवावी आणि नंतर पूर्ण पुसून किंवा फोडून टाकावी. यंत्र दुरुस्तीला दुसऱ्याकडे दिले, तरी एवढी काळजी डॉक्टरांनी स्वतःच घ्यावयाची आहे. पालकांनी विश्वासाने सांगितलेले सारे त्या डिस्कवर असते.