‘मला तर कुणी विचारलंच नाही!’

१ जून २०२४. लोकसभेच्या सातव्या आणि शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाला आणि सगळ्या वाहिन्यांवर एक्झिट पोलचे आकडे सुरू झाले. ॲक्सिस माय इंडियाने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, टुडेज चाणक्यने ४०० च्या आसपास. ४ जूनला मतमोजणीत निघाल्या २९३, त्यात भाजपच्या २४०. मग चहाच्या टपरीपासून अग्रलेखापर्यंत एकच सूर लागला: सर्व्हे म्हणजे थापा.

आकडे चुकले, यात वाद नाही. पण या रागात मतदारांचा अभ्यास आणि जागांची भाकितं एकाच पोत्यात भरली गेली. मतदार काय विचार करतो, कशाने चिडतो, कुणाशी बोलून ठरवतो हे विचारणं एक काम आहे. कुणाच्या किती जागा येतील हे सांगणं दुसरं, आणि त्यात सर्व्हेचा हात सगळ्यात कमकुवत आहे. वाहिन्यांना नेमकं तेवढंच हवं असतं.

सगळ्यात जुना आक्षेप शीर्षकातच आहे. मला विचारलं नाही, माझ्या सोसायटीत कुणाला विचारलं नाही, मग हे आकडे आले कुठून? साधा हिशेब करू. २०२४ मध्ये देशात सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदार होते. वीस हजार लोकांचा सर्व्हे म्हणजे साधारण ४८ हजारांत एक. तुम्हाला विचारलं नाही यात नवल नाही; विचारलं असतं तर घरी सांगण्यासारखी गोष्ट झाली असती.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: एवढ्याशा लोकांवरून देशाचं मत कसं कळणार? शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या भाषेत हा प्रश्न पडू नये, पण पडतो. निवड खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे प्रत्येक मतदाराचं नाव निघण्याची शक्यता ठाऊक असेल, तर हजार जणांच्या नमुन्यात चूक साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे राहते. मतदार गोव्यातले बारा लाख असोत की महाराष्ट्रातले नऊ कोटी, हजारांचा नमुना दोन्हीकडे जवळपास सारखाच काम देतो. लोकसंख्या वाढली म्हणून नमुना त्या प्रमाणात वाढवावा लागत नाही. मात्र याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. देशभराच्या वीस हजारांत तुमच्या मतदारसंघाच्या वाट्याला दोनशे माणसं आली तरी पुष्कळ, बहुतेकदा एकही नसतो. त्यामुळे राष्ट्रीय सर्व्हेवरून ‘साताऱ्यात काय होणार’ हे सांगणाऱ्याचं बोलणं खुशाल सोडून द्यावं.

आणि शीत वरवरचं घेतलं तर तळाला लागलेला भात कळत नाही. नमुना मोठा असला की निकाल बरोबर येतो, हा गैरसमज १९३६ साली अमेरिकेत कायमचा मोडायला हवा होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि साप्ताहिकाने रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती हे सांगायला नको. शिवाय उलटटपाली उत्तर धाडण्याची तसदी रूझवेल्टवर खार खाऊन असलेल्यांनीच जास्त घेतली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या तुलनेत चिमूटभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. आपल्याकडे २०२४ मध्ये ज्या एक्झिट पोलने ४०१ पर्यंत मजल मारली, त्याचा नमुना पाच लाखांच्या वर होता.

निवड कशी होते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम लोकसभा निवडणुकीत राष्ट्रीय निवडणूक अभ्यास करतो. सीएसडीएसची स्थापना रजनी कोठारींनी १९६३ मध्ये केली, पहिला असा अभ्यास १९६७ च्या निवडणुकीचा, आणि १९९६ पासून तो प्रत्येक लोकसभेला झाला आहे. योगेंद्र यादव यांनी लोकनीती उभी केली. पुण्यात राज्यशास्त्र शिकवणारे सुहास पळशीकर तिचे अनेक वर्षं सहसंचालक होते, त्यामुळे मराठी वाचकाला हे काम अगदीच परकं नाही.

इथे नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठत नाहीत. आधी मतदारसंघ निवडतात, मग त्यातली मतदान केंद्रं, आणि मग त्या केंद्राच्या मतदार यादीतून थेट नावं. समजा यादीत १,२०० नावं आहेत आणि ३० हवी आहेत. म्हणजे दर चाळिसावं नाव. सुरुवातीचा आकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निघतो. तो १७ आला तर १७, ५७, ९७ असं करत शेवटपर्यंत जायचं. गल्लीत कोण बोलका आहे, कोण चहा पाजतो, याच्याशी देणंघेणं नाही. यादीत ५७ व्या क्रमांकावरच्या बाई माहेरी गेल्या असतील तर शेजारणीला विचारून चालत नाही. ९७ व्या क्रमांकाचा मुलगा मुंबईला कामाला गेलेला असतो, पुढचे आजोबा वारलेले असतात पण यादीत अजून आहेत. म्हणून मुळात लागतात त्यापेक्षा जास्त नावं काढून ठेवतात. हे काम बहुतेक ठिकाणी कॉलेजची प्रशिक्षित मुलं-मुली करतात, एप्रिल-मेच्या उन्हात, राज्याच्या भाषेत छापलेली प्रश्नावली घेऊन. हाताशी आलेल्या मुलाखतींत बायका, शहरी, दलित, आदिवासी, मुस्लीम यांचं प्रमाण जनगणनेशी ताडून पाहतात आणि कमी-जास्त असेल तर भार देऊन जुळवतात. यातला एक सांधा सध्या कच्चा आहे. २०२४ ची निवडणूक झाली तेव्हा हाताशी जनगणना होती २०११ ची. तेरा वर्षांत पुण्या-ठाण्याच्या कडेला अख्खी नवी शहरं उभी राहिली.

‘लोक खरं सांगतच नाहीत’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओटीवर मुलाखत सुरू होते तेव्हा दहा मिनिटांत चार माणसं जमतात. बाईंना प्रश्न विचारला की उत्तर आतून नवरा देतो, नाहीतर वाड्यातले काका. विचारणाऱ्याचं आडनाव ऐकून समोरचा सावध होतो. म्हणूनच मत कुणाला, हा प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी लोकनीतीच्या मुलाखतीत नकली मतपत्रिका देतात. मतदाराने पाठ फिरवून शिक्का मारायचा, घडी घालायची आणि सोबतच्या डब्यात टाकायची. गुप्त मतदानाची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यानेही सगळं खोटं गाळलं जातं असं नाही. मतदान केलं का, या प्रश्नाला जगभर ‘हो’ म्हणणारे प्रत्यक्ष मत देणाऱ्यांपेक्षा जास्त निघतात. निकालानंतर विचारलं तर हरलेल्याला मत दिल्याचं आठवणारे कमी होतात. म्हणून मतदानोत्तर मुलाखती मतदानानंतर, पण मतमोजणीच्या आधी उरकायच्या असतात.

इथेच तीन गोष्टींचा घोळ होतो. प्रचार चालू असताना होते ती मतदानपूर्व पाहणी: माणसाने अजून मत दिलेलं नाही, तो नुसता कल सांगतो. एक्झिट पोल म्हणजे केंद्राबाहेर पडलेल्याला तिथेच, घाईत, भर रस्त्यावर विचारलेलं. आपल्याकडे कुठल्याही संध्याकाळच्या आकड्याला सरसकट एक्झिट पोल म्हणतात, मग तो फोनवरून गोळा केलेला का असेना. मतदानोत्तर पाहणी घरी जाऊन, बसून होते. तिला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि ती वाहिनीच्या उपयोगाची नसते.

आता जागांकडे. २०१९ मध्ये भाजपला ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा होत्या. २०२४ मध्ये मतं ३६.६ टक्के, जागा २४०. एक टक्काही मतं घटली नाहीत आणि ६३ जागा गेल्या. तीन टक्क्यांची चूक गृहीत धरणाऱ्या पाहणीने हे कसं पकडावं? महाराष्ट्राचं चित्र तर याहून बोलकं आहे. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, पण ४८ पैकी आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. सांगलीत अपक्ष आला. ॲक्सिस माय इंडियाच्या एक्झिट पोलने महायुतीला २८ ते ३२ दिल्या होत्या. मुंबई उत्तर-पश्चिमला निकाल ४८ मतांनी लागला. एका इमारतीतली काही कुटुंबं लग्नाला गावी गेली असती तर खासदार बदलला असता. मतांवरून जागा काढण्याचं गणित जुनी निवडणूक, आघाड्यांची जुळवाजुळव आणि अंदाज यांवर उभं असतं. पक्षच दोन तुकडे होऊन समोरासमोर उभे असतील, तर जुनी निवडणूक काय कामाची? शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

मग अशा पाहण्यांतून मिळतं काय? बऱ्याच ठाम समजुतींना तडा जातो. शिकलेला, सुखवस्तू माणूसच जागरूक मतदार, हे शहरी घरांत आजही छातीठोकपणे बोललं जातं. १९९० च्या दशकातल्या निवडणूक अभ्यासांनी उलट दाखवलं: गरीब, दलित, मागास समाज सुखवस्तूंच्या बरोबरीने आणि कधी त्यांच्याहून जास्त मतदान करू लागले होते. योगेंद्र यादवांनी याला लोकशाहीची दुसरी उसळी म्हटलं. बायकांच्या मतदानाचंही तेच. १९६२ मध्ये पुरुष ६३ टक्के आणि स्त्रिया ४७ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१९ मध्ये स्त्रिया किंचित पुढे गेल्या. हे आकडे निवडणूक आयोगाचे आहेत. मत देणाऱ्या बाईने नवऱ्याचं ऐकलं की नाही, ते मात्र आयोगाच्या नोंदीत नसतं. ते तिला एकटीला गाठून विचारावं लागतं. जातीवरून मत सरळ सांगता येतं, हाही असाच लाडका समज. जात मोजावीच लागते, पण एकाच जातीत गरीब आणि श्रीमंत, तरुण आणि म्हातारे, विदर्भातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले वेगळं वागतात, आणि एकगठ्ठा मतांची भाषा करणाऱ्या पुढाऱ्याला हे ऐकायचं नसतं.

प्रचाराने लोकांची मनं पालटतात, हा समज पक्षांना सगळ्यात महाग पडतो. १९४० मध्ये पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी परगण्यात तेच ६०० लोक मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठले. या पक्षातून उठून त्या पक्षात गेलेले अगदी थोडे सापडले. बहुतेकांचं आधीचंच मत प्रचाराने घट्ट केलं, आणि वर्तमानपत्रापेक्षा ओळखीतल्या, राजकारणात रस असणाऱ्या माणसाचं बोलणं जास्त भिडलं. पण प्रचार कधी कधी हलवतोही. १९८८ मध्ये कॅनडाच्या संशोधकांनी प्रचारभर रोज नव्या थोड्या लोकांना फोन केला. त्यामुळे मुक्त व्यापाराच्या करारावरच्या वादविवादानंतर विरोधी पक्षनेते जॉन टर्नर यांच्या बाजूला वारं कसं फिरलं आणि मतदानापर्यंत ते पुन्हा कसं ओसरलं, हे दिवसागणिक दिसलं. एकदाच जाऊन आलेल्या पाहणीला हे दिसणं शक्य नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०२४ च्या मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला लोकनीतीने दहा हजारांवर मतदारांना विचारलं. मतांत एनडीए १२ टक्क्यांनी पुढे दिसत होती. मतमोजणीत अंतर बरंच कमी निघालं. पाहणी चुकली की दोन महिन्यांच्या प्रचारात लोक हलले, हे त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही. पण त्याच पाहणीत सगळ्यात मोठा मुद्दा कोणता, याला २७ टक्क्यांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई असं उत्तर दिलं होतं. राममंदिर म्हणणारे दहा टक्केही नव्हते. निकालाच्या दिवशी ज्याला धक्का म्हटलं गेलं, त्याची कारणं छापील कोष्टकात आठ आठवडे पडून होती. ठळक बातमी मात्र १२ टक्क्यांची झाली.

राहता राहिली बंदी. पाहण्यांवर सरसकट बंदी आहे, असं अनेकांना वाटतं. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत एक्झिट पोल करायला आणि दाखवायला मनाई आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मतदानपूर्व पाहण्यांवर अशी बंदी नाही, फक्त मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत त्या टीव्हीवर दाखवता येत नाहीत. सगळे जिंकणाऱ्याच्या मागे धावतात म्हणून हे नियम, असं सांगितलं जातं. पण २००४ मध्ये बहुतेक सगळ्या पाहण्यांनी वाजपेयी सरकार परत आणलं होतं. मतदारांनी काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा दिल्या.

पक्षांचे ‘अंतर्गत सर्व्हे’ यातल्या कशातच बसत नाहीत. ‘सर्व्हे विरोधात आहे’ म्हणून विद्यमान खासदाराचं तिकीट कापलं जातं, आणि तो सर्व्हे कुणी, कधी, किती लोकांना, काय विचारून केला हे ना त्या खासदाराला दाखवतात ना आपल्याला. वाहिनीवरच्या आकड्यालाही हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तर पडद्यावर कुठेच नसेल, तर समोर पाहणी नाही, कुणाचा तरी दावा आहे.