नोंद नाही, म्हणजे जीव नाही?

जमिनीवरच्या डोंगरांची गणती केव्हाच संपली. समुद्राखालच्यांची अजून चालूच आहे. तळापासून निदान हजार मीटर उठलेला, पण पाण्याबाहेर न आलेला डोंगर म्हणजे सागरी पर्वत, अशी ढोबळ व्याख्या आहे, आणि त्यातले बहुतेक विझलेले ज्वालामुखी आहेत. उपग्रहाला हे डोंगर दिसत नाहीत. डोंगराच्या वस्तुमानाच्या ओढीने त्याच्यावरचे पाणी किंचित फुगते, तो फुगवटा उपग्रह मोजतो आणि त्यावरून खालच्या डोंगराचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीने २०२३ मध्ये एकोणीस हजारांहून अधिक नवे डोंगर यादीत आले आणि लहानमोठे मिळून एकूण आकडा ४३ हजारांच्या पुढे गेला. ज्यांच्यावरून जीवशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष नमुने वर काढले, असे डोंगर मात्र काही शेच भरतील. या दोन आकड्यांमधली दरी लक्षात ठेवूनच सागरी जीवांचा कोणताही ऑनलाइन नोंदसंग्रह उघडायला हवा. तिथे जी माहिती सापडते तिच्याइतकेच, जिथे काहीच सापडत नाही त्या जागांचे वाचन महत्त्वाचे असते. आणि नेमके तेच बहुतेकदा चुकते.

असे संग्रह आले कुठून? २००० ते २०१० या काळात ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ हा जगभरच्या सागरी जीवांच्या गणनेचा मोठा प्रकल्प चालला. त्याची एक शाखा फक्त सागरी पर्वतांसाठी होती. ‘सीमाउंट्स ऑनलाइन’ नावाचा संग्रह कॅरन स्टॉक्स यांनी अमेरिकेत सॅन दिएगोच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रात उभा केला. जुन्या शोधनिबंधांत, संग्रहालयांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत आणि जहाजांच्या अहवालांत विखुरलेल्या नोंदी त्यात डोंगरवार लावल्या गेल्या. याच गणनेतून ‘ओबिस’ हा सर्व सागरी जीवांचा जागतिक संग्रहही जन्मला. आज तो युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाकडे आहे, त्यातल्या नोंदी दहा कोटींच्या वर गेल्या आहेत आणि तो कोणालाही फुकट पाहता येतो. नाव टाइप करावे, किंवा नकाशावर हव्या त्या डोंगराभोवती चौकट आखावी. जे काही नोंदले गेले आहे ते ठिपक्यांच्या रूपात समोर येते.

एक ठिपका उघडून पाहिला की संग्रहाचा खरा स्वभाव कळतो. प्रजातीचे शास्त्रीय नाव, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, नमुना कोणत्या संस्थेचा, पुरावा बाटलीतला जीव आहे की कॅमेऱ्यातले चित्र, असे रकाने असतात. काही भरलेले, बरेच कोरे. पहिली अडचण नावातच येते. थंड, खोल पाण्यात डोंगरांवर भिंतीसारखे वाढणारे एक प्रवाळ कित्येक वर्षे ‘लोफेलिया पर्टुसा’ म्हणून ओळखले जाई. जनुकीय अभ्यासानंतर त्याला ‘डेस्मोफायलम’ या वंशात हलवले गेले. संग्रहातली नावे एकमेकांना जोडलेली नसती, तर जुने नाव टाकणाऱ्याला एक समुद्र दिसला असता आणि नवे नाव टाकणाऱ्याला दुसरा. हे जोडकाम सागरी प्रजातींची जागतिक नामसूची करते, आणि ती बेल्जियममधल्या ओस्टेंड येथून सांभाळली जाते. पण नाव जुळले तरी दुसरा प्रश्न उरतोच: हा जीव मिळाला कशाने? ट्रॉल जाळ्यात मोठे मासे आणि मोडलेले प्रवाळ येतात, बारीक किडे निसटतात. दूरनियंत्रित कॅमेऱ्याला उभे स्पंज सुंदर दिसतात, पण अनेकदा त्यांची ओळख कुळापर्यंतच पटते. शिवाय संग्रहात बहुतांशी ‘सापडले’ एवढेच लिहिलेले असते. ‘शोधले आणि सापडले नाही’ असे लिहिण्याची सोय असूनही ते फार थोडे लोक लिहितात.

म्हणून कोऱ्या चौकटीचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांपासून फार दूर आहेत. सह्याद्रीतल्या झाडांच्या नोंदी केवळ घाटरस्त्यांच्या कडेने घेतल्या, तर नकाशा सांगेल की झाडे फक्त रस्त्यालगत उगवतात. तो नकाशा खोटा नसेल. तो झाडांपेक्षा नोंद घेणाऱ्यांच्या वाटा अधिक दाखवत असेल. सागरी पर्वतांचे तसेच आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग, हवाई आणि ईशान्य अटलांटिक इथे संशोधन जहाजे वारंवार गेली म्हणून तिथे ठिपक्यांची गर्दी आहे. हिंदी महासागरातल्या बऱ्याच डोंगरांवर ठिपके विरळ दिसतात, कारण तिथवर पोहोचलेल्या मोहिमाच कमी.

हा फरक न ओळखल्यास शास्त्रज्ञांचीही गल्लत होऊ शकते. २००० साली रिशे द फोर्ज, कोस्लो आणि पूअर यांनी ‘नेचर’मध्ये टास्मान आणि कोरल समुद्रांतल्या डोंगरांवरच्या साडेआठशेहून अधिक प्रजातींचा अभ्यास मांडला. त्यांतल्या २९ ते ३४ टक्के विज्ञानाला नव्या होत्या, आणि त्या बहुधा त्याच डोंगरांपुरत्या असाव्यात असा अंदाज होता. प्रत्येक सागरी पर्वत म्हणजे आपल्याच जीवांचे एकाकी बेट, ही कल्पना त्यामुळे जोर धरू लागली. मग न्यू कॅलेडोनियाजवळच्या नॉरफोक रिजवरच्या जीवांची जनुके २००६ मध्ये तपासली गेली. ज्या स्क्वॅट लॉब्स्टरांची डिंभके पाण्याबरोबर दूर वाहत जातात, ते डोंगरा-डोंगरांत मिसळलेले निघाले. ज्या गोगलगायीची पिल्ले दूर जात नाहीत, तिच्यात मात्र फरक दिसला. कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन डोंगरावरही फक्त तिथेच राहणाऱ्या प्रजाती थोड्याच आढळल्या. बाजूच्या उतारांवर नीट शोध झालेला नसताना ‘इथेच आहे’ म्हणणे म्हणजे ‘इथेच पाहिले’ म्हणणे होते. हे उघड झाले ते डोंगरांच्या नोंदी उतारांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहता आल्या म्हणून.

इथे पहिला आक्षेप येतो: संग्रह इतका अपुरा असेल, तर त्याचा उपयोग तरी काय? वरच्या उदाहरणातच उत्तर आहे. अपुरेपणा कुठे आहे हे दाखवणारा संग्रह उपयोगाचाच असतो. धोका आहे तो अपुरेपण झाकून यादी पूर्ण असल्याचा आव आणणाऱ्या अहवालात. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. प्रवाळ कुठे, मासे कुठे हे सगळ्यांना सांगितले तर ट्रॉलरनाही आयता पत्ता मिळणार. पण ऑरेंज रफी या माशाची कहाणी उलटे सांगते. हा मासा विज्ञानाला १८८९ पासून माहीत होता. तो शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि तिशीच्या आसपास प्रौढ होतो, हे मात्र उशिरा कळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडभोवती त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. जहाजांना डोंगरमाथ्यावरचे थवे ध्वनीयंत्रावर दिसत होते. त्यांना कोणताही संग्रह लागला नाही. टास्मानियाजवळच्या, जिथे जाळी जास्त ओढली गेली त्या डोंगरांवर पुढे बहुतांशी उघडा खडक उरला. गुप्ततेने त्या डोंगरांचे रक्षण केले नाही. तिथे काय होते याची आधीची नोंद नसल्याने काय गेले, हे सांगणेच कठीण झाले.

आणि गेलेले परत येते का? न्यूझीलंडजवळच्या चॅटम राइझवरच्या ‘ग्रेव्हयार्ड’ या समुद्राखालच्या टेकड्यांवर जाळी थांबून पंधरा वर्षे झाल्यावरही सावरण्याची फारशी चिन्हे दिसली नाहीत, असे २०१९ च्या अभ्यासात म्हटले आहे. त्याच वर्षी हवाई-एम्परर साखळीवरच्या पाहणीत तीस-चाळीस वर्षे संरक्षण मिळालेल्या जागी काही पुनरुज्जीवन दिसले. ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. त्यांत वेळेचा फरक आहे. पण तीस-चाळीस वर्षांची दुरुस्ती ज्या चुकीला लागते, ती करण्यापूर्वी पाहून घेणे स्वस्त पडते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये ठराव ६१/१०५ द्वारे सागरी पर्वतांसारख्या नाजूक परिसंस्थांवरच्या तळ खरवडणाऱ्या मासेमारीला आळा घालण्यास सांगितले, त्यामागे हाच विचार होता.

तिसरा आक्षेप भारताच्या दाराशी आला आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस अफनासी-निकितिन हा प्रचंड सागरी पर्वत आहे आणि त्याच्यावर कोबाल्टयुक्त कवच साचलेले आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने तिथे खनिजशोधाच्या परवानगीसाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला. बॅटऱ्यांना कोबाल्ट हवा आहे, देशाला तो बाहेरून आणावा लागतो. मग सगळे किडे मोजून होईपर्यंत थांबायचे का? सगळे मोजून कधीच होणार नाही, हे मान्य. पण हे कवच दहा लाख वर्षांत जेमतेम एक ते पाच मिलिमीटर वाढते, आणि त्याच कडक पृष्ठावर प्रवाळ आणि स्पंज पाय रोवतात. खनिज खरवडणे म्हणजे त्यांची जमीनच उचलून नेणे. अशा वेळी ‘संग्रहात तिथे काही विशेष नोंद नाही’ हा परवानगीचा आधार होऊ शकत नाही. उलट, नोंद नसणे हे आधी पाहणी करण्याचे कारण ठरते, आणि तिचा खर्च ज्याला खणायचे आहे त्याने उचलायचा. प्राधिकरणाच्या नियमांनुसार कंत्राटदारांना पर्यावरणाची पायाभूत माहिती गोळा करावीच लागते, आणि प्राधिकरणाच्या ‘डीपडेटा’ संग्रहातल्या जीवनोंदी ओबिसमध्येही जातात. त्यामुळे मार्ग बंद नाही. त्याला शिस्त हवी.

ही शिस्त आपल्या जवळच्या पाण्यातही लागू पडते. अरबी समुद्राखालच्या लक्ष्मी खोऱ्यातल्या डोंगरांना रामन, पणिक्कर आणि वाडिया या शास्त्रज्ञांची नावे आहेत, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या भागाचा भूगर्भ बराच उलगडला आहे. आता तसेच जीवांचे काम व्हायला हवे. सिंधुदुर्गापासून दूर समुद्रातला, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा सागरी पर्वत नव्हे. तो खंडमंचाच्या कडेवरचा बुडालेला पठारी भाग आहे. तरी तिथल्या प्रवाळांबद्दलही हाच नियम चालतो. प्रत्येक मोहिमेने जे दिसले ते, जे शोधूनही दिसले नाही ते आणि कोणत्या साधनाने पाहिले ते, असे तिन्ही खुल्या संग्रहात टाकावे. मग पुढच्या निर्णयकर्त्याला कोरी चौकट दिसेल तेव्हा ती शोधून कोरी राहिली की कोणी गेलेच नाही म्हणून, हे त्याला ठरवता येईल. ते ठरवता येत नाही तोवर त्या चौकटीच्या भरवशावर ना जाळे ओढावे, ना खणायला परवानगी द्यावी.