तारा निघाल्या, डाग राहिले

दीड वर्षाने माझ्या दातांच्या तारा निघाल्या. दात छान सरळ झाले होते, पण समोरच्या चार दातांवर खडूसारखे पांढरे डाग! ब्रॅकेटखालची जागा स्वच्छ, डाग तिच्या कडेने. चूक माझीच. आम्ही इंदूरकर; सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, आणि ब्रश मात्र एकदाच.

डॉक्टरांनी समजावलं, ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा थर साचतो. त्यातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते इनॅमलमधलं कॅल्शियम विरघळवतं. असे डाग महिन्याभरातही दिसू लागतात. ही किडीची पहिली पायरी.

उपचारांची मी घाई केली नाही. फ्लोराइडची पेस्ट आणि आपली लाळ इनॅमलला पुन्हा बळ देतात, त्याला काही महिने लागतात. दोन डाग फिके झाले. उरलेल्या दोन डागांमध्ये डॉक्टरांनी दात न कोरता पातळ रेझिन मुरवलं. आता ते सहज लक्षात येत नाहीत.

गेल्या महिन्यात मावसबहिणीला तारा बसल्या. तिला म्हटलं, "रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने घास. तारेखाली बारीक ब्रश फिरव. फेस थुंकून टाक, लगेच खळखळून चूळ भरू नकोस. गोड खायचं ते जेवणासोबतच. आणि फ्लोराइड वार्निश लावायचं का, ते डॉक्टरांना विचार."

"ताई, म्हणजे सराफा बंद?"

"नाही गं. पण घरी आल्यावर आधी ब्रश, मग झोप!"