भरावाचे बेट आणि समुद्राची हद्द

समुद्रात वाळू आणि दगड टाकून नवी जमीन तयार केली, तर तिच्याभोवतीचा समुद्रही आपला होतो काय? दक्षिण चीन समुद्रातील लष्करी तळांविषयी वाचणारा विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो. भूगोल, भौतिकशास्त्र आणि थोडे अंकगणित यांच्या आधाराने त्याचे उत्तर वर्गातच देता येते.

बेटावर तळ उभारण्यावरून होणारे भांडण आपल्याला नवे नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी या लहानशा बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येत होती. त्यामुळे मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही विरोध केला. समुद्रात चकमकी झडल्या. पण लहान होड्यांतून रसद पोहोचत राहिली आणि बेट मराठ्यांकडेच राहिले. १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट घेऊन तेथे तोफा चढविल्या. तोफ जेथवर पोहोचेल तेथवर दरारा, असा तो काळ होता. पुढे अठराव्या शतकात युरोपातील कायदेपंडितांनी किनाऱ्यालगतच्या समुद्राची हद्दही तोफेच्या पल्ल्यावरूनच ठरविण्याचा विचार मांडला.

खांदेरी हे मात्र निसर्गाने घडविलेले बेट आहे. माणसाने फक्त त्यावर तट बांधला. दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली समूहात याच्या पुढची पायरी गाठली गेली. तेथील जागांवर चीन, तैवान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया आणि ब्रुनेई यांचे परस्परविरोधी दावे आहेत. चीनने २०१३ च्या अखेरीपासून साधारण दोन वर्षांत सात प्रवाळखडकांवर सुमारे १,३०० हेक्टर नवी जमीन तयार केली आणि त्यांपैकी तीन ठिकाणी जवळजवळ ३ किलोमीटर लांबीच्या धावपट्ट्या बांधल्या. अलीकडच्या वर्षांत व्हिएतनामनेही मोठ्या प्रमाणावर भराव घातला आहे.

यासाठी प्रवाळखडकच का निवडले? आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या तलावाची पाळ पाहावी. ती माथ्याला अरुंद आणि पायाशी रुंद असते, कारण मातीचा ढीग ठरावीक उतारापेक्षा अधिक उभा राहत नाही. वाळूचेही तसेच आहे. समजा, १ मीटर उंचीमागे चारही बाजूंना २ मीटर पाया लागतो. मग ५ मीटर खोल पाण्यात ढिगाचे नुसते टोक पृष्ठभागापर्यंत आणायला शंकूच्या सूत्राप्रमाणे सुमारे ५२५ घनमीटर वाळू लागेल. खोली ५० मीटर असेल, तर वाळू दहापट नव्हे, हजारपट लागेल, कारण घनफळ खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रवाळखडकावर पाणी अगदी उथळ असते. म्हणजे निसर्गाने पाया आधीच घालून ठेवलेला असतो.

ड्रेजर नावाची जहाजे फिरत्या दातेरी चाकाने तळ खरवडतात आणि वाळू, प्रवाळाचा चुरा व पाणी यांचे मिश्रण नळांतून खडकावर सोडतात. पाणी निथळून जाते, वाळू मागे राहते. ही जमीन सुरुवातीला भुसभुशीत असते. ती दाबून घट्ट केली नाही, तर कमीजास्त खचते आणि धावपट्टीला तडे जातात. कडेने लाटांपासून संरक्षणही हवे. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला टाकलेले काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे ही ऊर्जा फटींमध्ये जिरवतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. अशा बेटाभोवती १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा प्रादेशिक समुद्र मिळतो. तेथे मनुष्यवस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत असेल, तर २०० सागरी मैलांपर्यंत मासे, तेल इत्यादी साधनसंपत्तीवर हक्क मिळतो. कृत्रिम बेटाभोवती मात्र साधारणपणे ५०० मीटरपर्यंतचे सुरक्षाक्षेत्रच आखता येते.

ही वर्तुळे विद्यार्थ्यांना काढायला लावावीत. एका बिंदूभोवती ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहूनही कमी भरते. १२ सागरी मैलांचे सुमारे १,५५० चौरस किलोमीटर होते, तर २०० सागरी मैलांचे सुमारे ४,३१,००० चौरस किलोमीटर. हे शेवटचे वर्तुळ गोंदियासारखे ऐंशीच्या आसपास जिल्हे, किंबहुना अख्खा महाराष्ट्र पोटात घेऊन वर उरेल. एवढ्याशा खडकासाठी देश का झगडतात, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

फिलिपिन्सने २०१३ मध्ये चीनविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणाचा निकाल १२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने दिला. खडकाची मूळ नैसर्गिक स्थिती काय होती एवढेच पाहायचे, वरचा भराव मोजायचा नाही, हे लवादाने स्पष्ट केले. मिसचीफ खडक मुळात भरतीला बुडणारा. म्हणून धावपट्टी असूनही त्याला स्वतःचा प्रादेशिक समुद्र नाही. चीनने हा निकाल मानलेला नाही आणि तळ जागेवरच आहेत. निकाल देणाऱ्याकडे आरमार नसते, ही त्यातली अडचण.

याच लवादाने प्रवाळांची गंभीर हानी झाल्याचेही नोंदविले. प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो, बसलेला गाळ प्रवाळांना गुदमरवतो. माशांची पिल्ले याच खडकांच्या आश्रयाने वाढतात. त्यामुळे नुकसान कोणत्याही एका देशाच्या नकाशात मावत नाही; ते भोवतालच्या सगळ्याच कोळ्यांच्या जाळ्यात दिसते.

एका घमेल्यात पाणी आणि ओंजळभर बारीक वाळू घेऊन वर्गात बेट तयार करून पाहावे. किती वाळू लागली, उतार किती राहिला आणि पाणी किती वेळ गढूळ राहिले, या तीन नोंदी विद्यार्थ्यांनी स्वतः कराव्यात. पाणी निवळायला लागणारा वेळ पाहून पुढचे प्रश्न मुलेच विचारतील.