उपकरणांचा शोध का रेंगाळतो?
जून उजाडला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील सेतू केंद्रांपुढे दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची रांग लागते. अशा वेळी संगणक जोडलेली उपकरणे शोधण्यातच अडकला, की दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. वास्तविक, संगणक यूएसबीवरील प्रत्येक उपकरणाला त्याची ओळख विचारतो. उत्तर न आल्यास काही सेकंद थांबून पुन्हा विचारतो. एका यूएसबी नियंत्रकावर १२७ पर्यंत उपकरणे चालू शकतात, पण खोळंबा करायला एक सैल केबल पुरते! म्हणून नव्या संगणकाचा खर्च करण्याआधी प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र काढून एकेक जोडत पाहावे. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवरील स्कॅनर थेट मागच्या पोर्टला लावावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसल्यास त्या उपकरणाचा ड्रायव्हर पुन्हा बसवून पाहावा.